बदललेला सदरा

चिमाजी द्राक्षाच्या ओळीत गुडघे टेकून बसला, तेव्हा ललिताला आधी वाटलं, त्याचं काहीतरी खाली पडलंय आणि तो शोधतोय. फवारणीचा पंप पाठीवर तसाच होता. मग त्याच्या तोंडातून लोंबणारी लाळ तिला दिसली, आणि हातातल्या सुतळ्या टाकून ती धावली.

"काका! ओ चिमाजीकाका!"

त्यानं मान वर केली. चेहरा घामानं निथळत होता. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या, आणि माशी बसल्यावर बैलाचं कातडं थरथरतं तसं त्याच्या दंडाचं मांस आपलं आपण उडत होतं.

"पाठ जळती गं," तो एवढंच म्हणाला आणि कुशीवर कलंडला.

पाठ जळणारच. पंप गळका होता. ललिताला ते ठाऊक होतं, तिचा नवरा दिनेश मुकादम होता त्यालाही ठाऊक होतं, आणि बागेचे मालक शेखरभाऊ यांनाही. ट्रॅक्टरवरचा फवारणीचा ब्लोअर बिघडला म्हणून अडगळीतले पाठीवरचे पंप बाहेर निघाले होते. "पाठ ओली होती," असं चिमाजीनं सकाळीच सांगितलं होतं. दिनेशनं ते शेखरभाऊंच्या कानावर घातलं, तर ते म्हणाले, "एवढा प्लॉट उरकू दे, मग दुरुस्त करू." आणि दिनेश चिमाजीला म्हणाला, "जरा दम काढा."

हाकाटी झाली. दिनेश आला, पाठोपाठ शेखरभाऊ आले. पंप उतरवला. चिमाजीचा सदरा पाठीला चिकटला होता आणि त्याला असा उग्र वास मारत होता की ललितानं पदर नाकाला धरला.

"आधी तो सदरा काढा. ललिताताई, दिनेशचा एखादा धुतलेला सदरा आणा, पळा!" शेखरभाऊ म्हणाले.

ती खोलीकडे पळाली. परत आली तेव्हा ओला सदरा कुठं दिसत नव्हता. दिनेशच्या निळ्या सदऱ्याच्या बाह्या तिनंच चिमाजीच्या हातांत चढवल्या.

"भाऊ, आंग धुऊ का? मोटारीवर पाणी हाय," ललितानं विचारलं.

"वेळ नाही. गाडीत घाला."

गाडी दिंडोरीच्या दवाखान्यापाशी थांबली नाही. सरळ नाशिकच्या रस्त्याला लागली. चिमाजीची बायको भागीबाई पलीकडच्या बागेत कामाला गेली होती. तिला कुणीतरी मागून घेऊन येणार होतं. मागच्या सीटवर चिमाजीचं डोकं मांडीवर घेऊन ललिता बसली. त्याचा श्वास घशात पाणी अडकल्यासारखा घरघरत होता.

म्हसरूळच्या अलीकडे शेखरभाऊ आरशात न बघता बोलले.

"दवाखान्यात विचारतील. सांगायचं, औषधाची बाटली हाती लागली, प्याला. बाकी काही नाही."

दिनेशनं काच खाली केली.

"एक्सपोर्टच्या बागेत हे औषध चालत नाही, दिनेश. मी मारायला नको होतं. पण बाहेर कळलं तर अख्खी बाग गेली. वर पोलीस केस. उपचार काय, विषाचा उतारा तोच असतो, प्यालं काय आणि अंगावर सांडलं काय. त्याच्या जिवाला त्यानं फरक पडत नाही. खर्चाचं मी बघतो."

तेव्हा कुठं ललिताच्या ध्यानात आलं, सदरा का बदलला ते. तो चढवायला तिचेच हात लागले होते.

तिनं खाली बघितलं. हे डोकं तिच्या मांडीवर असावं, हेच मुळात नवल होतं. सुरगाण्याकडच्या त्यांच्या पाड्यावर तिचा बाप सोमा हा येशूला मानणारा पहिला विश्वासी. तो गेला तेव्हा मसणवट्याच्या वाटेवर हाच चिमाजी आडवा उभा राहिला होता. "ज्यानं गावचे देव सोडले, त्याला गावची माती नाय." मागं आणखी माणसं होती, पण बोलला तो. ललितानं हात जोडले, पदर पसरला. शेवटी जीप करून बापाला दुसऱ्या गावाला न्यावं लागलं. चढावर जीप हेलकावली की सोमाचा पाय हलायचा आणि तिला वाटायचं, बाप उठतोय.

यंदा चिमाजीच दिनेशकडे काम मागायला आला. भात पुरेसं झालं नव्हतं. दिनेशनं त्याला घेतलं, आणि रविवारच्या प्रार्थनासभेत ललितानं उभं राहून सांगितलं, आम्ही मनापासून क्षमा केली. बायांनी 'आमेन' म्हटलं. तिला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

आणि आज, तो ओळीत कलंडला तेव्हा, धावायच्या आधी, डोळ्याचं पातं लवेपर्यंत का होईना, तिच्या मनात काहीतरी गोड होऊन गेलं होतं. ते आता आठवलं आणि तिनं त्याच्या कपाळावरचा हात उचलून घेतला.

सरकारी दवाखान्यात स्ट्रेचर आत गेलं. डॉक्टर वेदिका नावाची तरुण मुलगी होती. तिनं पापण्या उघडून बघितल्या, छातीला नळी लावली आणि मान न वळवता विचारलं, "फवारणीचं औषध? प्यायला की फवारताना?"

"प्याला," शेखरभाऊ म्हणाले. "दारूच्या नशेत."

"अंगाला वास येतोय."

"फवारणीवरच्या माणसाच्या अंगाला येतोच, मॅडम."

दार लोटलं गेलं. आत पोटात नळी घालायची घाई चाललेली ऐकू येत होती. ललिता भिंतीला टेकून उभी होती. तिच्या ओठांवर शब्द आला होता, अगदी दातांपर्यंत. पण शेखरभाऊंनी तिच्याकडे बघितलं, धमकीनं नव्हे, काकुळतीनं, आणि शब्द मागं गेला.

शेखरभाऊ वाईट माणूस असता तर सोपं होतं. पण दर रविवारची सभा भरायची ती त्यांच्याच शेडात. विश्वासी लोक म्हणून दुसऱ्या कुणी जागा दिली नव्हती. गावातली माणसं हरकत घ्यायला आली तेव्हा हेच शेखरभाऊ दारात उभे राहून म्हणाले होते, "शेड माझं आहे. देवाचं नाव घेतात, चोरी करत नाहीत." तिची मीना तापानं फणफणली तेव्हा भर पावसात ह्यांनीच गाडी काढली होती.

भागीबाई आली. ती अनवाणीच होती, लुगड्याला चिखल. शेखरभाऊंनी तिला बाकावर बसवून हलक्या आवाजात सांगितलं. ती ऐकत राहिली. मग तिनं ललिताकडे तोंड वळवलं.

"तू तिथंच व्हतीस ना गं? प्याला त्यो?"

ललितानं भागीबाईचा हात धरला. "काकी, आधी पाणी प्या," ती म्हणाली, आणि नळाकडे गेली.

ती परतली तोवर डॉक्टर वेदिका बाहेर आली होती. कपाळावर आठी होती.

"पोटातून काहीच निघत नाही. इंजेक्शनं देतोय, तेवढ्यापुरता वर येतो आणि परत खाली जातो. विष अजून कुठून तरी अंगात चाललंय. किती प्यायला होता? बघितलं कुणी?"

शेखरभाऊ दिनेशकडे बघू लागले.

"मी बघितलं, मॅडम," दिनेश म्हणाला. "बाटली तोंडाला लावली."

ललिताला वाटलं, दुसरंच कुणी बोललं. ह्याच तोंडानं तो सभेत प्रार्थना चालवतो. डॉक्टर आत गेली. जाता जाता म्हणाली, "हवालदार येतील जबाब घ्यायला. कुणी जाऊ नका."

ललितानं दिनेशला दंडाला धरून बाहेर, जिन्याखाली आणलं.

"खोटं बोलला तुमी."

"हळू."

"त्यांचं ऐकलं नाय का तुमी? आंगात चाललंय म्हणत्यात. पाठीतनं चाललंय त्ये! पाठ धुतली नाय त्याची!"

"डॉक्टर हायेत त्या, त्यांना कळंल." दिनेशनं जिन्यावर नजर टाकली. "मी काय माझ्यासाठी बोललो? शेखरभाऊ बुडाले तर सगळी माणसं उद्या जीपमध्ये बसून डोंगरात. हंगाम गेला. मीनाची शाळा गेली. सभा कुठं घेशील, रस्त्यात? आणि कोणासाठी? ज्यानं तुझ्या बापाला माती दिली नाय, त्याच्यासाठी?"

"बापाचं नाव घेऊ नका."

"घेणार. ललिता, आपण नाय काय केलं. पंप त्याच्याच पाठीवर का गळावा? न्याय करणारा वर बसलाय. त्यानं केला."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. रागानं नव्हे. मघाशी तिच्या मनात जे गोड होऊन गेलं होतं, त्याला दिनेशनं नाव दिलं होतं, आणि तेही देवाचं.

ती एकटीच आत आली. बाकाच्या टोकाला बसून डोळे मिटले. प्रभू, मार्ग दाखव, असं ती मनात म्हणाली. पुन्हा म्हणाली. एरवी प्रार्थनेत तिला हलकं वाटायचं. आज शब्द खड्ड्यात दगड टाकावेत तसे पडत होते. मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं की ती काय करतेय. मार्ग दिसतच होता. सरळ समोर होता, त्या लोटलेल्या दारातून आत जात होता. तिला तो नको होता, म्हणून ती दुसरा मागत होती.

शेजारी भागीबाई पुटपुटत होती. ललिताला आधी वाटलं, ती कुठल्या देवाला आळवतेय.

"माझ्यामुळं प्याला," भागीबाई म्हणत होती. "सकाळी मी लय बोलले त्याला. म्हटलं, तुझ्यासंगं सारा जन्म फुकट गेला. भाकर बी दिली नाय. तशीच कामाला गेले. म्हणून प्याला त्यो. आता पोरं मला इचारतील, आये, बापाला काय बोललीस?"

ललिता उठली.

ती दाराकडे चालली. हात लावताच दार उघडलं. "आत यायचं नाही," कुणीतरी ओरडलं. खाटेभोवती माणसं होती. चिमाजी उताण्या पडलेल्या बेडकासारखा दिसत होता, पोट तेवढं हलत होतं.

"मॅडम, त्यो प्याला नाय."

डॉक्टर वेदिका वळली.

"पंप गळका व्हता. सकाळपासनं पाठीवर सांडत व्हतं औषध. सदरा भिजला व्हता, त्यो आमी बदलला. हा माझ्या नवऱ्याचा सदरा हाय. पाठ धुतली नाय, डोकं बी धुतलं नाय."

"ताई!" मागून शेखरभाऊंचा आवाज आला. ते दारात उभे होते. "काय बोलताय? डोकं फिरलंय का तुमचं?"

"नाय फिरलं, भाऊ." ती खाटेपाशीच उभी राहिली. "आता सरळ झालं."

डॉक्टर वेदिकानं कुणाचंच ऐकून घेतलं नाही. "वळवा त्याला. सदरा कापा. साबण, पाणी, भरपूर. हातमोजे घाला सगळ्यांनी!" निळा सदरा फाटला आणि तो वास खोलीभर उठला. चिमाजीची पाठ खांद्यापासून कमरेपर्यंत लाल झाली होती, कमरेच्या करगोट्यापाशी पांढरट थर साचला होता. केसांतही होता. माणसं कमी पडत होती. डॉक्टरनं हातमोज्यांची जोडी ललिताकडे फेकली. "तुम्ही डोकं धुवा. कानामागून नीट. डोळ्यांत जाऊ देऊ नका."

ललितानं चिमाजीचं डोकं धुतलं. राठ, पिकलेले केस. मानेवर फाळाच्या जुन्या जखमेचा वण. तिला कसलीही थोर क्षमा वगैरे वाटली नाही. उलट मधेच बापाचा हेलकावणारा पाय आठवला आणि तिचे दात आवळले गेले. तरी बोटं चालत राहिली. कानामागून, टाळूवरून, पुन्हा कानामागून. पाणी ओतलं, साबण लावला, पुन्हा पाणी ओतलं.

बाहेर आली तेव्हा तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. शेखरभाऊ बाकावर बसले होते, दोन्ही हात मांड्यांमध्ये घालून, एकदम म्हातारे दिसत होते.

"फरक पडतो, हे मला खरंच माहीत नव्हतं," ते म्हणाले. थोड्या वेळानं मान वर केली. "पण तुम्हाला मी जागा दिली होती, ताई."

शिवी दिली असती तर तिनं झेलली असती; हे वाक्य आत जाऊन रुतलं.

हवालदार आले. दिनेश खांबाआड उभा राहून तिच्याकडे बघत होता, मान अगदी बारीक हलवत होता, नको, नको. ललितानं सगळं सांगितलं. पंप, सदरा, गाडीतलं बोलणं. सदरा आपणच आणून दिला, हेही. "तुमचे यजमान म्हणतात, त्यांनी प्यायलेलं बघितलं," हवालदार म्हणाले. 

"त्ये तिथं नव्हते. मी व्हते."

दिनेश खांबाआडून निघून गेला.

चिमाजी जगला. बरेच दिवस श्वासाच्या मशीनवर होता, मग हळूहळू डोळे उघडायला लागला. "अजून थोडा उशीर झाला असता तर हाती लागला नसता," असं डॉक्टर वेदिकानं भागीबाईला सांगितलं, आणि भागीबाईनं ते वाक्य भेटेल त्याला सांगितलं. आणि आपलं भांडण त्याला नडलं नव्हतं, ह्या एका गोष्टीनं ती अशी मोकळी झाली की वॉर्डातल्या अनोळखी पेशंटांनाही पेज भरवू लागली.

ललिता एकदा भेटायला गेली. चिमाजी उशीला टेकून बसला होता, गालफडं आत गेलेली.

"तू सांगितलंस म्हणं," तो म्हणाला.

"हां."

"का?"

तिला मोठं काही सुचलं नाही. "खरं व्हतं म्हणून."

त्यानं चादर छातीपर्यंत ओढली. "सोमाच्या टायमाला मी..." एवढं बोलून थांबला. मग भिंतीकडे वळला. ललितानं वाट बघितली, मग पेजेचा रिकामा डबा उचलला. खाली उतरताना तिला कळलं की ती अजून रागावलेली आहे, आणि तरी उद्या पुन्हा पेजेचा डबा घेऊन येणार आहे.

शेखरभाऊंवर गुन्हा नोंदला गेला. बागेची तपासणी झाली आणि यंदाची द्राक्षं परदेशी जाणार नाहीत, हे पक्कं झालं. शेडाला कुलूप लागलं. बरीचशी माणसं जीपमध्ये बसून डोंगरात परतली. उरलेल्यांना वेगवेगळ्या बागांत तुटकतुटक काम मिळालं. जाता जाता एक बाई ललिताला म्हणाली, "तुला सरगात जागा मिळंल, आमची हितली गेली." रविवारी कालव्याच्या कडेला बाभळीखाली सभा भरली. पोरंबाळं धरूनही एक गोणपाट भरेल एवढी माणसं नव्हती. दिनेश आला नाही.

त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलत नव्हता. जेवायला बसायचा, ताट सारायचा, उठायचा. ती रागावली नाही. आपण पोलिसांसमोर त्याला खोटं पाडलं, हे तिलाही विसरता येत नव्हतं. खरं बोलल्यावर मन निवांत होतं असं सभेला येणारे पास्टर सांगायचे. तिचं झालं नव्हतं. कधी कधी वाटायचं, जरा वेगळ्या शब्दांत सांगता आलं असतं का? घर वाचलं असतं का? मग चिमाजीची लाल पाठ आठवायची, आणि ते प्रश्न तिथंच गळून पडायचे.

एका सकाळी तो भाकरीचा तुकडा हातात धरून तसाच बसून राहिला.

"मीनानं इचारलं काल," तो म्हणाला. किती दिवसांनी आवाज ऐकला होता तिनं. "म्हणाली, बाबा, तुम्ही सभेत का येत नाय?"

"मग काय सांगितलं?"

"काय सांगणार?" त्यानं तुकडा ताटात ठेवला. हात धुतले, खुंटीवरची टोपी घेतली, दारापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. पाठमोराच म्हणाला, "येतीस का संगं? एकट्याला नाय जमायचं."

कुठं, ते तिनं विचारलं नाही.

पोलीस ठाण्यात गर्दी होती. साहेब येईपर्यंत दोघं बाहेरच्या कठड्यावर बसले. दिनेशचा गुडघा सारखा हलत होता. एकदा तो उठला, फाटकापर्यंत गेला, परत आला. "मलाच आत टाकतील काय?" त्यानं विचारलं.

"म्हाईत नाय," ललिता म्हणाली. खोटा धीर द्यायची तिची ताकद उरली नव्हती.

त्याचं नाव पुकारलं. तो उठला, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि आत गेला. ती खिडकीशी सरकली. आतून कुणीतरी दरडावून विचारलं, "काय काम आहे?"

दिनेश आधी खाकरला. मग त्यानं आपलं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, गावाचं सांगितलं, आणि थांबला. ललितानं कठड्याची कड घट्ट धरली.

"दवाखान्यात मी जबाब दिला व्हता, साहेब," त्याचा आवाज आला, बारीक, पण न अडखळता. "त्यो खोटा हाय. खरा लिहून घ्या."